डाळिंबाची गोळी आणि गार पोट

या पुस्तिकेचा विषय वाटाण्याएवढी एक तपकिरी गोळी आहे. तिबेटी वैद्य, ज्यांना 'आमची' म्हणतात, ती पुडीत बांधून देतात आणि सांगतात, 'फोडून घ्या, वरून गरम पाणी प्या.' गोळी चांगलीच टणक असते. खलबत्त्यात एक ठोका दिला की तिचे तुकडे होतात आणि आधी दालचिनीचा वास येतो. जिभेवर पहिल्यांदा आंबट लागते, मागून वेलची येते, आणि चव संपली असे वाटत असतानाच घशाशी एक सावकाश तिखटपणा चढू लागतो. तो पिंपळीचा. मिरी लगेच झोंबते, पिंपळी वेळ घेते आणि मग बराच वेळ रेंगाळते.

तिबेटी परंपरेत या योगाच्या मूळ रूपाला 'सेद्रू-ङापा' म्हणतात, म्हणजे डाळिंब मुख्य असलेला पाच द्रव्यांचा योग. डाळिंबाचे वाळवलेले दाणे, दालचिनी, वेलची आणि पिंपळी ही चार नावे कायमची. पाचवे द्रव्य परंपरेप्रमाणे बदलते. कुठे करडईच्या पाकळ्या असतात, तर कुठे कोष्टकोळिंजन. याच घराण्यातली 'सेंदू दांगने' ही गोळी धरमशालेच्या मेन-त्सी-खांग या संस्थेचे वैद्य नेहमी वापरतात. जेवणानंतर पोट दगडासारखे जड होणे, फुगणे, करपट ढेकरा, भूक मरणे, खाल्लेले अंगी न लागणे, अशा तक्रारींसाठी ती दिली जाते.

सुरतेत राहणाऱ्या मराठी वाचकाला या गोळीची ओळख करून द्यावी असे मला मनापासून वाटत होते, म्हणून ही प्रस्तावना आनंदाने लिहीत आहे. सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण, ही म्हण इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात ऐकू येते. लोचो, सेव-खमणी, हिवाळ्यातला पोंक, उंधियू आणि कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी चांदी पडव्याला तुपात न्हालेली घारी. या शहराचे खाण्यावर प्रेम आहे आणि ते प्रेम खरे आहे. पण उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत राहणारा आपला खानदेशी माणूस वेगळ्याच घड्याळावर जेवतो. लूमवर बारा तासांची पाळी, आठवडा पालटला की दिवसाची रात्र, पहाटे परतल्यावर गार झालेली भाकर आणि शेवभाजी, आणि लगेच झोप. त्याच्या पोटाची तक्रार घारी खाणाऱ्याच्या तक्रारीहून निराळी असते. औषधाच्या दुकानात मात्र दोघेही 'ॲसिडिटी' हा एकच शब्द उच्चारतात आणि दोघांना एकच पुडी मिळते. तिबेटी वैद्यक या दोघांना एका रांगेत उभे करत नाही. या विषयाकडे मी ओढलो गेलो तो याच कारणाने.

आधी द्रव्यांबद्दल लिहितो, कारण 'तिबेटी औषध' म्हटले की बर्फाळ शिखरावरची दुर्मीळ वनस्पती डोळ्यांसमोर येते. तशा वनस्पती त्या परंपरेत आहेत, नाही असे नाही. पण या गोळीत त्यातली एकही नाही. हिमालयाच्या पलीकडे, बारा-तेरा हजार फुटांच्या उघड्या पठारावर दालचिनी होत नाही, वेलची होत नाही, पिंपळीचा वेल तर एक रात्रही जगणार नाही. म्हणजे ही गोळी जिथे घडली, तिथे तिच्यातले जवळजवळ काहीच पिकत नव्हते. सगळे खालून, उष्ण प्रदेशांतून, माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवरून वर गेले.

आणि यातले बरेचसे आपल्याकडे पिकते. डाळिंबात महाराष्ट्र देशात पुढे आहे. सोलापूर, सांगोला, सटाणा, मालेगाव ही नावे बाजारात डाळिंबासाठीच घेतली जातात. औषधात मात्र आपला गोड 'भगवा' चालत नाही. तिथे आंबट दाणा लागतो, जो जम्मूकडच्या रामबन आणि हिमाचलच्या डोंगरउतारांवर रानटी झाडांना येतो आणि वाळवून अनारदाणा म्हणून विकला जातो. दालचिनीची 'कोकण तेज' ही जात दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दिली. करडई तर ज्वारीच्या शेताला काटेरी कुंपण म्हणून आपण पिढ्यानपिढ्या पेरत आलो. तिचे तेल काढतो, कोवळ्या पाल्याची भाजी करतो. फुलांकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'नारी-6' ही बिनकाट्याची करडई काढली, तेव्हा हाताने पाकळ्या तोडणे सोपे झाले आणि त्या पाकळ्यांचा चहा लोकांसमोर आला. तिबेटी वैद्य त्याच केशरी पाकळ्यांना यकृताचे प्रमुख औषध मानतात. गोळीत पिंपळी आणि दालचिनी उष्ण आहेत. त्या उष्णतेचा त्रास यकृताला होऊ नये म्हणून करडईची पाकळी शेजारी बसवली आहे. पाचच द्रव्ये, पण त्यातले एक बाकीच्यांना आवर घालण्यासाठी. रचनेचा हा विचार मला फार देखणा वाटतो.

पिंपळीसाठी थोडे थांबावे लागेल. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीकडे आणि अकोला जिल्ह्यातल्या अकोट भागात, सातपुड्याच्या पायथ्याशी, बारी समाजाचे शेतकरी पानमळ्यांसोबत पानपिंपरी लावत आले आहेत. पानवेलीची ही जवळची नातलग. तिलाही तीच ओल, तीच सावली आणि तोच आधार लागतो. पानासमोर बोटाच्या पेराएवढे हिरवे कणीस येते. ते पिकण्याआधीच, हिरवे-काळपट असताना, एकेक करून हाताने खुडावे लागते. उन्हात वाळले की ते काळसर, खरखरीत आणि कडक होते. मोडून पाहिले तर आत बारीक दाण्यांची गच्च रांग दिसते. खुडणीला यंत्र नाही, म्हणून मजुरी जबर, आणि भाव पडला की मळा मोडण्याशिवाय गत्यंतर नाही. सातपुड्याच्या या बाजूचे पाणी पूर्णेत उतरते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेला येते. सुरतेच्या गुजराती घरांत थंडीत राब करताना गंठोडा घालतात, तो पिंपळीच्याच जातीच्या वेलाचे मूळ, आपले पिंपळमूळ. म्हणजे गोळीतली सगळ्यात अनोळखी वाटणारी चवही या शहराच्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे.

मग यात तिबेटी काय आहे? हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि तो रास्त आहे. आपल्याकडे दाडिमाष्टक आहे, हिंग्वाष्टक तर घरोघरी आहे. उत्तर दोन टप्प्यांत द्यावे लागते, आणि पहिला टप्पा आपल्या अभिमानाचा आहे.

वाग्भटाचा 'अष्टाङ्गहृदय' हा आयुर्वेदग्रंथ अकराव्या शतकात तिबेटी भाषेत गेला. जनार्दन नावाचा भारतीय पंडित आणि रिंचेन झांगपो हा थोर तिबेटी भाषांतरकार, या दोघांनी ते काम केले. पुढे बाराव्या शतकातल्या युथोक योंतेन गोन्पो यांच्या नावाशी जोडलेला 'ग्यू-शी' हा 156 अध्यायांचा ग्रंथ तिबेटी वैद्यकाचा आधार झाला आणि त्यात वाग्भटाचा वाटा मोठा आहे. त्या भाषांतरानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी आपल्याकडे, देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणून ओळखतो, त्याने त्याच वाग्भटावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. एकाच ग्रंथाचे हे दोन वाचक, रिंचेन झांगपो पश्चिम तिबेटातला आणि हेमाद्री गोदावरीच्या मुलखातला. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने अण्णा मोरेश्वर कुंटे आणि अकोल्याचे हरिशास्त्री पराडकर यांच्या परिश्रमातून वाग्भटाच्या ज्या आवृत्त्या काढल्या, त्या आजही देशभरच्या वैद्यांच्या टेबलावर असतात. वाग्भट महाराष्ट्राने जपला आणि तिबेटनेही जपला. हे नाते फारसे कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिले.

पचनाचे तिबेटी वर्णन वाचताना आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला आपल्याच गावात फिरल्यासारखे वाटेल. पोटात आलेले अन्न बेकेनचा (कफाचा) एक प्रकार कालवतो, त्रिपाचा (पित्ताचा) एक प्रकार शिजवतो आणि लुंगचा (वायूचा) एक प्रकार सार आणि मळ वेगळे करतो. आपल्याकडे हीच कामे क्लेदक कफ, पाचक पित्त आणि समान वायू करतात. पोटाचे चार भाग कल्पून दोन घन अन्नाला, एक पातळ पदार्थाला आणि एक वाऱ्याला मोकळा ठेवावा, हा नियमही दोन्हीकडे आहे. आतले बहुतेक आजार मंदावलेल्या अग्नीतून सुरू होतात, यावरही दोघांचे एकमत आहे.

दुसरा टप्पा मात्र त्यांचा स्वतःचा. तिबेट थंड. आहार सातूच्या पिठाचा, लोण्याचा, मांसाचा. भाजी थोडी, सरपण कमी. अशा ठिकाणी वैद्याला रोज दिसणारे पोट जळणारे नसते, विझत आलेले असते. त्यामुळे अपचनाकडे पाहण्याची त्यांची नजर थंडीवर स्थिरावली. जड, गार, स्निग्ध अन्न, कच्चे राहिलेले अन्न आणि आधीचे पचण्याआधी पोटात टाकलेले अन्न यांनी बेकेन वाढतो. तो जठराच्या ऊबेवर ओल्या गोणपाटासारखा बसतो. मग अन्न पडून राहते, सार तयार होत नाही, आणि माणूस भरपूर खाऊनही खंगतो. 'दांगने' या नावात जो भर आहे तो याच सारावर. गोळीचे काम अन्न पुढे ढकलण्यापुरते नसून त्या अन्नातून सार निघावे यासाठी जठराला ऊब परत देण्याचे आहे. म्हणूनच वरून गरम पाणी. तिबेटी वैद्यकात उकळलेले पाणी हे नुसते अनुपान नाही, गार अपचनावरचे ते पहिले औषध आहे. आमचीकडे गेलात तर पुष्कळदा गोळीआधी पाण्याबद्दलच विचारतील. जेवताना काय पिता, फ्रीजमधले की साधे, किती वाजता जेवता, जेवून किती वेळाने झोपता. मग तीन बोटांनी दोन्ही मनगटांवर नाडी. जीभ. सकाळची पहिली लघवी काठीने ढवळून तिचा रंग, वाफ आणि फेस किती वेळ टिकतो हे पाहणे. एवढे झाल्यावर पुड्या बांधल्या जातात, आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ यांच्या गोळ्या अनेकदा वेगवेगळ्या असतात.

सुरतेसारख्या दमट, उष्ण शहरात 'गार पोट' ही कल्पना चमत्कारिक वाटेल. पण रात्रपाळीनंतरची गार भाकर, दुकानात दिवसभर बसून घेतलेला बर्फगोळा आणि शीतपेय, तळलेल्यावर तळलेले, हे सगळे आठवा. बाहेर चाळीस अंश असले तरी पोट आत गारठलेले असू शकते, असे हे वैद्यक म्हणते. उलट ज्याच्या छातीत खरोखर आग आहे, तोंडाला आंबट-कडू पाणी येते, उपाशीपोटी दुखते, त्याला ही उष्ण गोळी देऊ नये, असेही तेच म्हणते. एका शब्दाखाली दडपलेल्या दोन तक्रारी वेगळ्या करण्याचे हे शिक्षण मला गोळीपेक्षाही मोलाचे वाटते.

सुरत आणि ल्हासा यांचे जुने नातेही वाचकाला ठाऊक असावे. शिवाजी महाराजांच्या सुरतेवरच्या दोन स्वाऱ्यांनंतरच्या दशकांतली ही गोष्ट. इराणमधल्या नव्या जुल्फाचा होव्हानेस नावाचा आर्मेनियन व्यापारी समुद्रमार्गे सुरतेला उतरला, आग्रा-पाटणा करत नेपाळमार्गे 1686 साली ल्हासाला पोहोचला आणि 1692पर्यंत तिथे राहिला. तिथून त्याने विशेषेकरून कस्तुरी घेतली. 1682 ते 1693 या काळातली त्याची आर्मेनियन भाषेतली जमाखर्चाची वही लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आजही आहे. सुरतेत कतारगामकडे आर्मेनियनांचे जुने कब्रस्तान आहे. तिथून जाताना मला या माणसाची हटकून आठवण येते.

तो ल्हासात होता त्याच वर्षांत तिबेटचा कारभार देसी सांग्ये ग्यात्सो यांच्या हाती होता आणि 1687-88 मध्ये ते 'ग्यू-शी'वरचा आपला 'नील वैडूर्य' हा महाभाष्यग्रंथ लिहीत होते. पुढे त्याच ग्रंथावरून वैद्यकाची 79 पटचित्रे रंगवली गेली, ज्यांत शरीर, नाड्या, वनस्पती, खाणे-पिणे, निजणे-उठणे असे सगळे रेखाटले आहे. 1696 मध्ये त्यांनी ल्हासाच्या टेकडीवर चाकपोरी हे वैद्यक विद्यालय उभे केले. राज्यकारभाराच्या धबडग्यात माणूस वैद्यकावर इतके काम करतो, याचा मला नितांत आदर वाटतो. 1916 मध्ये तेराव्या दलाई लामांनी ल्हासात मेन-त्सी-खांग स्थापन केले आणि ख्येनराब नोर्बू यांनी ते घडवले. चीनविरुद्धच्या 1959च्या उठावात चाकपोरीवर तोफा डागल्या गेल्या, विद्यालय जमीनदोस्त झाले. पाठांतर केलेले थोडे वैद्य पायी हिमालय ओलांडून भारतात आले, आणि 1961 मध्ये धरमशालेत मेन-त्सी-खांग पुन्हा सुरू झाले. निर्वासितांनी घर बांधण्याच्याच दिवसांत औषधशाळा बांधली.

दर हिवाळ्यात सुरतेत तिबेटी विक्रेते स्वेटरांचा बाजार मांडतात. आपण घासाघीस करून लोकर घेतो आणि निघतो. आपल्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, 1972 पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, हेही पुष्कळ मराठी माणसांना माहीत नसते. या लोकांनी काय सोबत आणले याची थोडी तरी विचारपूस व्हावी, ही पुस्तिका लिहिण्यामागची एक इच्छा आहे. भारत सरकारने 2010च्या दुरुस्ती कायद्याने सोवा रिग्पाला, म्हणजे या तिबेटी वैद्यकाला, अधिकृत वैद्यकपद्धती म्हणून मान्यता दिली आणि 2019 मध्ये लेह येथे राष्ट्रीय संस्था मंजूर झाली. नोंदणी असलेला आमची आणि रस्त्यावर 'हिमालयी जडीबुटी' विकणारा, यांतला फरक आता कायद्यानेही केला आहे.

युरोपात ही परंपरा दुसऱ्या वाटेने गेली. बुर्यातियातल्या बादमायेव घराण्याने ती सेंट पीटर्सबर्गला आणि तिथून वॉर्साला नेली, आणि 1969 मध्ये कार्ल लुत्झ यांनी स्वित्झर्लंडमध्ये 'पद्मा' ही कंपनी काढून ते योग कारखान्यात बनवायला घेतले. तिच्या 'पद्मा डायजेस्टिन'मध्ये डाळिंब, दालचिनी, वेलची, पिंपळी आणि कोष्टकोळिंजन अशी आपली पाच नावे ओळीने दिसतात. 'पद्मा लॅक्स' हा तिचा दुसरा, बद्धकोष्ठावरचा योग. जेरुसलेमच्या डॉ. सारा सॅलन यांच्या गटाने त्याची मलावरोधप्रधान आयबीएसच्या (आतड्याच्या एका दीर्घकालीन विकाराच्या) रुग्णांवर चाचणी घेतली, ती 2002 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचा निष्कर्ष अनुकूल होता. पण तो योग वेगळा. त्याच्या चाचणीचे श्रेय डाळिंबाच्या गोळीला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, आणि पुस्तिकेत ते दिलेले नाही, हे मी आवर्जून सांगतो.

काही गोष्टींबद्दल मात्र हयगय नको. काळा मल, शौचावाटे रक्त, कारण नसताना घटणारे वजन, गिळताना अडकणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, चाळिशी-पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेले अपचन, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर आणि तपासणी. पिंपळीत पायपरिन असते. ते इतर औषधांचे रक्तातले प्रमाण वाढवू शकते. फिट्सचे फेनिटॉइन, दम्याचे थिओफिलिन, रक्तदाबाचे प्रोप्रॅनोलॉल यांच्याबाबत हे दिसून आलेले आहे. बाजारात दालचिनी म्हणून पुष्कळदा जाड सालीची कॅशिया मिळते, तिच्यात कुमारीन जास्त असते आणि ते सतत, मोठ्या मात्रेत घेतले तर यकृताला जाचते. गरोदर बायकांनी आणि रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय काहीच घेऊ नये.

द्रव्ये ओळखीची आहेत म्हणून घरच्या मिक्सरवर ही गोळी करू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. पुस्तिकेत द्रव्यांची नावे मराठी, गुजराती आणि तिबेटी अशा तिन्ही भाषांत दिली आहेत, ती ओळख पटावी म्हणून. त्यांची प्रमाणे जाणूनबुजून दिलेली नाहीत, कारण एकाच नावाची गोळी दोन आमची दोन माणसांना वेगळ्या वेळी आणि वेगळ्या जोडीने देतात. दवाखान्यात जाताना चालू औषधांची चिठ्ठी, जुने रिपोर्ट आणि आठवडाभर काय, किती वाजता खाल्ले याची नोंद सोबत न्या. लूमवर जाणाऱ्यांनी पाळीची वेळही त्यात लिहावी. आमची ती नक्की विचारतील.